मधली जागा

बायको बसली नव्हती. हे त्याच्या लक्षात आलं ते परत येताना, सिग्नलला, आणि तेही समोरच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या एका म्हातारीकडे बघता बघता. म्हातारी अशी ऐसपैस बसली होती की सीट तिच्याच मापाने शिवली असावी. त्यावरून त्याला आठवलं, आत्ता तासभर आपण मास्तरांच्या त्या विकाऊ ट्रेलरमध्ये, गाडीमागे जोडायच्या घरात होतो, तिथे दोन बाकं होती, एक पलंग होता, घडीचं टेबल आणि घडीचंच स्टूल होतं, आणि बायको या सगळ्यांच्या मधोमध, पर्स पोटाशी धरून, बसमध्ये जागा न मिळालेल्या माणसासारखी उभी होती. मास्तर दोनदा म्हणाले होते, "बसा ना वहिनी." ती दोनदा "हो, हो" म्हणाली होती. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला. गिअर टाकताना त्याने विचारलं, "तू बसली नाहीस तिथे?" "बघत होते की," ती म्हणाली आणि तिने खिडकीची काच थोडी खाली केली. गोष्ट एवढीच. मनाला लावून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण बुटात बारीकसा खडा जावा आणि थांबून बूट काढण्याइतका तो मोठा नसावा, तसं काहीतरी त्याला घरापर्यंत टोचत राहिलं.

एरवी सकाळ चांगली गेली होती. त्याचा धंदा कुशनचा. गाद्या, सोफे, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातली तपासणीची टेबलं, माणसाच्या वजनाखाली जे जे येतं ते त्याच्या दुकानात उसवलं जायचं आणि पुन्हा शिवलं जायचं. उभा जन्म दाभण चालवून त्याचा अंगठा चपटा झाला होता आणि तळव्याला एक विद्या आली होती. गादीवर तळवा टेकून दाबला की तिच्यावर कोण झोपतं ते त्याला कळायचं. जाड की बारीक, कुठल्या कुशीवर, एकटं की दोघं, भांडणारी की न भांडणारी. शेवटचं तो गिऱ्हाइकांना हसवायला म्हणायचा, पण ते अगदीच खोटं नव्हतं. मास्तरांच्या ट्रेलरमध्येही त्याने आधी चाकं बघितली नाहीत की पत्रा बघितला नाही. सरळ पलंगाकडे गेला, चादर बाजूला केली आणि तळवा टेकला. मास्तर भूगोलाचे, निवृत्त, बोलायला अघळपघळ. पंधरा वर्षं हे घर गाडीच्या मागे जोडून कुठे कुठे फिरलो ते सांगत होते. तो मध्येच म्हणाला, "मास्तर, तुम्ही खिडकीकडे झोपता. बाई दाराकडे. आणि बाईंना डाव्या कुशीची सवय असणार." मास्तर बोलायचे थांबले. "होती," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली तिला जाऊन." यावर एखादा गप्प बसला असता. पण विद्या अंगात आली की माणसाला थांबवत नाही. तो म्हणाला, "त्यानंतरही तुम्ही झोपलात इथे. पण मध्ये सरकला नाहीत एकदाही." मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. "दोन उन्हाळे एकटाच फिरलो," ते म्हणाले. "सरकणार कसं? तिची जागा आहे ती." बायको तेव्हा खिडकीपाशी होती. पडद्याची खालची दुमड तिने दोन बोटांत धरली होती, टाके बघत होती. मास्तर तिच्याकडे वळून म्हणाले, "पडदेही तिनेच शिवलेले, हातानं." बायकोने पडदा सोडून दिला. सोडला आणि हात पदराला पुसला, हेही त्याला आता, गाडी घराच्या गल्लीत वळवताना दिसलं. तेव्हा तो पलंगाखालची फळी ठोकून बघत होता.

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं म्हणतात. त्याने घर बांधलं नव्हतं, पण लग्न दोनदा केलं होतं, त्यामुळे हिशेब जवळपास बरोबरच म्हणायचा. आता हे चाकांवरचं घर. जुना घ्यावा की नवा, यावर तो गेले दोन महिने विचार करत होता आणि खरं सांगायचं तर विचार कधीच संपला होता, तो नुसता घोळवत होता. नव्याचं काय असतं, शोरूमच्या दारातून बाहेर पडला की तो जुनाच. नव्या वस्तूत काय बिघडणार आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, जुन्यात जे बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं. मास्तरांचा सांगाडा भक्कम होता, छताला कुठे ओल नव्हती, बाकांचं रेक्झिन तेवढं तडकलं होतं, आणि रेक्झिन म्हणजे तर त्याचा हातचा मळ. आठवडाभरात आतून नवा करून दिला असता त्याने. नवी खोळ, नवे टाके, वर थोडा फोम. आत काय आहे हे विचारतंय कोण. "जुनं ते सोनं," तो जेवताना म्हणाला. "आपण आतून असा करू की मास्तरही ओळखणार नाहीत." बायको ताटं उचलत होती. "तुम्ही म्हणाल ते," ती म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य. त्याच्या ओळखीतल्या बाकीच्यांच्या बायका पडद्याच्या रंगावरून आठवडा आठवडा अबोला धरायच्या, आणि त्याच्या घरी हे वाक्य सरकारी शिक्क्यासारखं उमटायचं आणि काम पुढे जायचं. तो स्वतःला नशीबवान समजत आला होता. आज पहिल्यांदाच ते वाक्य ऐकल्यावर त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती नळाखाली ताट धरून उभी होती, पाठमोरी, आणि पाठीवरून काही कळायला त्याचा तळवा तिथे नव्हता.

ट्रेलरचा विषय निघाला तोच मुळी तिच्यामुळे. मागच्या वर्षी दोघं लेकीकडून परत येत होती. संध्याकाळ झाली होती, मोठ्या रस्त्यावर पुढे एक ट्रेलर चालला होता, मागच्या खिडकीला पडदा आणि पडद्याआड पिवळा दिवा. गाड्या ओलांडून जायची त्याला हौस, पण त्या दिवशी वळणं फार होती म्हणून तो मागेच राहिला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आत चहा करता येत असेल का हो?" एवढंच. इतक्या वर्षांत तिने मागितलेली ही पहिली वस्तू, आणि तीसुद्धा धड मागितलेली नाही. त्याने मात्र ती उचलून धरली. दुकानाचा व्याप आता आवरता घ्यायचाच होता, लेक आपल्या घरी सुखी होती, उरलेल्या दिवसांचं काय करायचं हा प्रश्न दारात येऊन बसला होता. रोज संध्याकाळी तो तिला ट्रेलरांबद्दल काहीबाही सांगू लागला. ती ऐकायची. एकदा म्हणाली होती, "आपल्याला फार मोठा नको. दोन कप, दोन ताटल्या मावल्या की झालं. पण त्या आपण आणलेल्या." त्याला वाटलं, प्रवासात काचेची भांडी नकोत, असं काहीतरी ती म्हणतेय. त्याने स्टीलच्या ताटल्यांचा फायदा समजावून सांगितला होता.

तो बिजवर. पहिली गेली तेव्हा लेक सहा वर्षांची होती. ताप आला आणि आठवड्यात सगळं आटोपलं, इतक्या झपाट्याने की रडायलाही कुणी तयार नव्हतं. दुसरी आणली ती लेकीसाठी, असं तो सगळ्यांना सांगे. तिलाही पहिल्या भेटीत त्याने हेच सांगितलं होतं, प्रामाणिकपणा म्हणून. ती तेव्हा चौतिशीची, वडिलांच्या आजारपणात लग्नाचं वय उलटून गेलेली, शाळेच्या ऑफिसात कारकून. तिनेही प्रामाणिकपणे मान डोलावली होती. घरी आली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी राहिली, डब्यांच्या फळीसमोर. डब्यांवर पहिलीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, साखर, रवा, मीठ, लाल शाईत. तो म्हणाला होता, "तुला हवं तसं लाव." ती म्हणाली होती, "असू दे. ताईंनी विचार करूनच लावलं असेल." जिला कधी पाहिलं नाही तिला तिने ताई केलं. लेकीने हिला मावशी केलं. नाती कशी आपोआप जागच्या जागी बसली, आणि घरात फळीवरचा एक डबासुद्धा हलला नाही. चिठ्ठ्यांची शाई फिकी झाली तेव्हा तिनेच त्या पुन्हा गिरवल्या, त्याच वळणावर, लाल शाईने. चार माणसांत तो तिचं कौतुक करायचा, आणि ते कौतुक त्याचं तोंडपाठ झालं होतं: "माझी ही इतकी गुणाची की घरात आल्याचं कळलंसुद्धा नाही." लोक वा म्हणायचे. ती बाजूला चहाचे कप घेऊन उभी असायची आणि हसायची. उभी. आत्ता त्याला प्रत्येक आठवणीत ती उभी दिसू लागली होती, आणि आठवणींवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही हे त्याला कळत होतं, कारण आठवण ही एक अशी सीट आहे की कुणीही बसून उठलं तरी खळगा दिसतोच.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका लॉजच्या गाद्या आल्या. दहा-बारा असतील, एकावर एक रचलेल्या, वापरलेल्या साबणाचा आणि परक्या केसांच्या तेलाचा वास. तो एकेक ओढून तळवा फिरवत होता. बाकीचे ज्याला माल बघणं म्हणतात ते त्याचं एक प्रकारचं वाचन होतं, आणि लॉजच्या गाद्या वाचायला सोप्या. मध्यभाग फुगलेला, कडा मेलेल्या. त्याच्या धंद्यात एक पक्का आडाखा आहे. कुठलीही गादी आधी मध्ये बसते. कड आधी जाते ती फक्त दोन प्रकारच्या गाद्यांची. एक आजाऱ्याची, कारण त्याच्या उशाशी कुणी ना कुणी येऊन टेकतं. आणि दुसरी पाहुण्यांची, कारण पाहुणा आत सरकत नाही, रात्रभर आपला कडेवर निजतो, सकाळी उठून जायचंय हे त्याच्या अंगाला झोपेतही माहीत असतं. हे तो किती जणांना सांगत आला होता. आज चौथ्या गादीच्या कडेवर त्याचा तळवा थांबला आणि उचलेना. आपल्या घरातल्या गादीला शेवटचा हात कधी लावला, ते त्याला आठवेना. अंथरूण ती घालायची, ती काढायची, चादर ती बदलायची. तो निजायला यायचा तेव्हा सगळं चापूनचोपून असायचं. दिव्याखाली अंधार, त्याला वाटलं, आणि ते वाटणं त्याला आवडलं नाही. त्याने दुपारीच दुकान बंद केलं. लॉजवाल्याचा माणूस म्हणाला, "काय शेठ, आज लवकर?" तो म्हणाला, "एक गादी बघायचीय."

घर रिकामं होतं. ती ऑफिसातून यायला अवकाश होता. खोलीत उन्हाचा एक लांब तुकडा पलंगावर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. त्याने उशा खाली ठेवल्या, चादर ओढून काढली. खाली निळ्या पट्ट्यांची जाड खोळ, दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्यानेच शिवलेली. गादी मात्र पहिल्या लग्नाची. खाली काथ्या, वर रबरी फोम, वर कापसाचा पातळ थर. ती उलटायची नसते, आणि जड इतकी की उलटायचं कुणाच्या मनात येत नाही. दुसऱ्या लग्नाआधी त्याने ती उघडून पाहिली होती, पाहिली नाही असं नाही. माल पहिल्या प्रतीचा. असा फोम पुढे बाजारात आलाच नाही. टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणून नुसती खोळ बदलली आणि वर हात फिरवून म्हणाला होता, झाली नवी. आता त्याने खोळीचे टाके उसवले. कापूस बाजूला सारला आणि एखाद्या अनोळखी घरात आल्यासारखा तळवा टेकला. भिंतीकडे त्याची स्वतःची जागा, खोल, उजव्या कुशीची, जड माणसाची. तिच्याशेजारी, मध्ये, दुसरा एक खळगा. उथळ, अरुंद, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाचा. पहिलीला थंडी फार वाजायची. इतक्या वर्षांत त्या खळग्यावर कुणी वजन टाकलं नव्हतं, त्यामुळे तो जसाच्या तसा होता. फोम कडक होऊन त्याचा आकार धरून बसला होता. आणि पलीकडे, पार कडेला, वीतभर रुंदीची एक पट्टी, वरपासून खालपर्यंत, काथ्यापर्यंत चेपलेली. घरात आजारी कुणी नव्हतं.

त्याने त्या पट्टीवर अंग टाकून पाहिलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. फोम संपला होता, खालची फळी कमरेला लागत होती. अर्धी मांडी बाहेर लोंबत होती. पडू नये म्हणून हात आपोआप खाली गेला आणि बोटांनी पलंगाची पट्टी पकडली. बोटांना तिथे खोबण असल्यासारखं वाटलं. तो उठला, खाली वाकला आणि पाहिलं. पलंगाचं पॉलिश सगळीकडे काळं तुकतुकीत होतं, फक्त त्या एका जागी, चार बोटं मावतील एवढं, ते पार उडालं होतं आणि आतलं लाकूड पांढुरकं दिसत होतं. तो तिथेच जमिनीवर बसून राहिला. पहिल्याच रात्री तिला कळलं असणार. खोळ कितीही जाड असो, पाठीला खळगा कळतो. तिने अंग टाकलं असेल, कुणाच्या तरी आकारात आपण निजतोय हे तिच्या पाठीने ओळखलं असेल, आणि ती बाहेर सरकली असेल, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने. त्याला जाग आली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण परक्या माणसाच्या घरात जाऊन त्याच्या मेलेल्या बायकोची कूस सांगतो, आणि आपल्या शेजारी एक बाई बावीस वर्षं पलंगाला धरून झोपली. तिला एकदा विचारायचं होतं. नुसतं विचारायचं होतं, झोप लागते का गं. मग त्याला राग आला, तिचाच. सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं का? आणि राग आला तसाच ओसरला, कारण तिने सांगितलं असतं तर आपण काय म्हटलं असतं ते त्याला आपल्याच आवाजात ऐकू आलं. म्हटलं असतं, माल पहिल्या प्रतीचा आहे.

ती आली तेव्हा त्याने खोळ घाईघाईत टाचून चादर घातली होती, आणि ती त्याने घातली आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. तिने दारातून पाहिलं. "गादी उघडली होती?" तिने विचारलं. "खोळ बघत होतो." "मग धुवायलाच काढायची," ती म्हणाली आणि चादरीचं एक टोक ओढून सरळ करू लागली. तो भिंतीला टेकून उभा होता. सांगायचं खूप होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. तो म्हणाला, "तुला झोप नीट लागते ना इथे?" "लागते की." "कडेवर?" तिचा हात चादरीवर क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला. "मला तीच सवय झालीय," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, तक्रार नाही, टोमणा नाही, शोधूनही सापडलं नसतं. तो म्हणाला, "आपण नवाच ट्रेलर घेऊ." "का हो? मास्तरांचा चांगला होता की." "तू बसली नाहीस तिथे." "कुठे बसणार?" ती म्हणाली, एखाद्या लहान मुलाला समजावून सांगतात तशी. "त्यांच्या बाईंची जागा ना ती. तुम्हीच तर दाखवलीत." मग ती चहा ठेवायला आत गेली. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. साखरेचा असणार, फळीवर उजवीकडून दुसरा, तो न बघता सांगू शकला असता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती हुशार, कुठल्याशा कंपनीत लोकांना सल्ले द्यायचंच काम करते. "बाबा, नवा कशाला? जुना चांगला मिळतोय म्हणालास ना?" "मावशीला नवा बरा." "ती म्हणाली तसं?" "ती काय म्हणणार," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते." लेक हसली. तिच्या हसण्यात माया होती, हे कबूल केलं पाहिजे. "मावशीला काय, काहीही चालतं," ती म्हणाली. "तिचं काहीच नसतं रे." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. बायको खिडकीत उभी राहून वाळलेले कपडे आत घेत होती. हे वाक्य आपणच लेकीला शिकवलं, त्याला वाटलं, आपल्या घरात ते भाषेसारखं बोललं जात होतं. तिचं काहीच नसतं. तो म्हणाला, "नवाच घेतोय. ठरलंय." आणि ठरलंय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, खूप दिवसांनी दाभण नेमक्या जागी शिरावा तसं. उसवलेलं शिवता येतं यावर तर त्याचं पोट चाललं होतं. कुणी न निजलेली गादी, कुणी न शिवलेले पडदे, तिने आणलेले दोन कप. गाडी कुठेतरी झाडाखाली लावायची. ती पलंगाच्या मध्यावर हातपाय पसरून झोपेल आणि आपण बाहेर खुर्ची टाकून बसू. असं त्याने तपशिलात रंगवलं, अगदी खुर्चीच्या कापडापर्यंत. मास्तरांना त्याने नाही म्हणून कळवलं. मास्तर म्हणाले, "बरं झालं. मलाही अजून देववत नव्हता."

शोरूम शहराबाहेर, मोठ्या मैदानात. ट्रेलर ओळीने उभे, पांढरे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. विक्रेता तरतरीत होता, इस्त्रीच्या शर्टातला, प्रत्येक दार उघडताना एक पाऊल मागे सरकून वाट द्यायचा. तिसऱ्या ट्रेलरपाशी ती आपणहून थांबली. लहानसा होता. आत नव्या प्लायवूडचा आणि गोंदाचा वास, कपाटांच्या मुठींवर अजून पातळ कागद गुंडाळलेला, ओट्यावर दोन शेगड्या, त्यांना आच माहीत नव्हती. ती एकेक कप्पा उघडून बघत होती. रिकामा कप्पा, पुन्हा बंद. रिकामा कप्पा, पुन्हा बंद. तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "इथे चहा होईल," ती म्हणाली. "होईल ना," विक्रेता म्हणाला, "चहा काय, चार माणसांचं जेवण होईल." खिडकीजवळच्या बाकावर ती बसली. त्याने पाहिलं, ती बसली. पर्स तिने बाजूला ठेवली. विक्रेत्याने मागचं दार सरकवलं. "आणि हा पलंग. झोपून बघा, लाजू नका, सगळेच बघतात. गादी आमची स्पेशल आहे." गादीवर प्लॅस्टिकचं आवरण होतं, कारखान्यातलं, टाचण्यांसकट. "आधी तू," तो तिला म्हणाला. "नको, तुम्ही व्हा पुढे." तो पुढे झाला. बूट काढून भिंतीकडे आडवा झाला, प्लॅस्टिक चरचरलं. फोम ताजा, चारी बाजूंनी सारखा. इतक्या वर्षांत कुणाचंही वजन माहीत नसलेली गादी अंगाखाली अशी त्याला क्वचितच आली होती. छत पांढरं होतं. मग तिने चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या, पदर सावरला आणि तीही आडवी झाली.

विक्रेता दारात उभा होता. "बघितलंत?" तो खुशीत म्हणाला. "तिघं आरामात झोपतील." झोपल्या झोपल्या त्याने मान वळवली. ती पार कडेला होती, डाव्या कुशीवर, पाठ त्याच्याकडे, आणि तिचा एक हात पलंगाखाली गेलेला. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती, अगदी मापात, उथळ, अरुंद, गुडघे पोटाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाची. त्याने तिथे तळवा टेकला आणि दाबला. हात काढल्याबरोबर फोम वर आला. तिथे कुणीही झोपलेलं नव्हतं. "इकडे सरक ना," तो म्हणाला. "अगं, मध्ये ये ना. ही नवी आहे." "असू दे," ती म्हणाली. ती खरोखरच आरामात होती, तिचा श्वास संथ चालला होता. "मी इथेच बरी. छान आहे हो, घेऊन टाका."